एस्प्रेसो मशीनचं गळकं गॅस्केट: बडोद्यात काय मिळतं आणि बाहेरून काय मागवायचं

सरळ मुद्द्यावर येते. घरी एस्प्रेसो मशीन आहे, शॉट लावला की पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे कॉफी भरून मशीनला अडकवायच्या दांड्याच्या भांड्याच्या, कडेकडेने पाणी ठिबकतंय, आणि कपात कमी नि ड्रिप ट्रेमध्येच जास्त कॉफी जातेय, अशा लोकांसाठी हा रिव्ह्यू आहे. मशीन विकायला काढू नका, सर्व्हिस सेंटरला कुरियर करायच्या भानगडीतही लगेच पडू नका. बहुतेक वेळा एक रबराची रिंग गेलेली असते, बास. मी मोठी रिंग कॅफेलाट कंपनीची सिलिकॉनची मागवली आणि आतल्या बारक्या ओ-रिंगा, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या गोल रबरी रिंगा, आपल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका सीलवाल्याकडून घेतल्या. दोन्हीचा अनुभव इथे एकत्रच लिहितेय, कारण एक घेतलं आणि दुसरं सोडलं तर काम अर्धवट राहतं.

मशीन गॅजिया क्लासिक प्रो. ५८ एमएमचा पोर्टाफिल्टर, एकच बॉयलर, ॲप नाही, स्क्रीन नाही, तीन बटणं आणि बाजूला स्टीमचा नॉब. मला ते आवडतंच मुळी म्हणून, की उघडता येतं. पाना घेतला, स्क्रू काढले, आत काय आहे ते दिसतं. रोज सकाळी दोन-तीन कप, पाहुणे आले की जास्त, सासऱ्यांचा दुपारी एक. म्हणजे कॅफेसारखा वापर नाही पण मशीन शोपीस पण नाही.

आता हे गॅस्केट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पोर्टाफिल्टर जिथे आपण फिरवून बसवतो ना, तिथे वर खाचेत एक जाड रबरी रिंग असते, बास्केटची, म्हणजे पोर्टाफिल्टरमधल्या कॉफीच्या जाळीदार वाटीची, कड तिच्यावर दाबून बसते आणि पाणी बाहेर न जाता कॉफीतून जातं. कुकरच्या रिंगसारखंच समजा, फक्त कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त प्रेशर असतं आणि इथे नऊ बारच्या आसपास, त्यामुळे कुकरची रिंग थोडी सैल झाली तरी बाई शिट्टी मारते, इथे मात्र जरा कुठे कडक झाली की लगेच बाजूने धार. आणि उष्णता तर रोजचीच. या मशीनचा ब्रू थर्मोस्टॅट १०७ डिग्रीचा आणि स्टीमचा १४५ डिग्रीचा असतो, म्हणजे कॉफीत पडणारं पाणी इतकं गरम नसतं पण बॉयलरचं अंग तापतंच, आणि ग्रुप, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे बसतो तो भाग, त्या बॉयलरलाच चिकटलेला. रबर रोज तापतं, रोज दाबलं जातं, रोज गार होतं. काही महिन्यांनी लवचिकपणा जातो, मग ते रबर राहत नाही, प्लॅस्टिकची बांगडी होते.

ओळखायचं कसं? गळायच्या आधीच कळतं खरं तर. समोर उभं राहून बघितलं तर हँडल डावीकडे घालून उजवीकडे फिरवतो आपण, बरोबर मध्ये म्हणजे घड्याळातल्या सहावर ते घट्ट व्हायला पाहिजे. नवीन रिंग असेल तर सातवरच अडतं, जोर लावावा लागतो. रिंग दबत गेली की हँडल सहाच्या पुढे जातं, पाचपर्यंत, आणि तरी घट्ट वाटत नाही. माझं तर इतकं उजवीकडे जायला लागलं होतं की ग्राइंडरला धडकायचं. नखाने दाबून बघा, खड्डा पडून परत वर आला तर रबर जिवंत आहे, नख घसरलं तर गेलं.

पण थांबा, रिंग ऑर्डर करायच्या आधी दोन-तीन गोष्टी बघून घ्या, फुकट आहेत. बास्केटच्या कडेवर कॉफीचे कण राहिले असतील तर नवीन रिंगही गळेल. बास्केट ओव्हरफिल केली असेल, म्हणजे टॅम्प केल्यावरही, दाबून बसवल्यावरही, कॉफी वरच्या जाळीला टेकतेय, तरी कड नीट बसत नाही. बास्केटची कड वाकलेली असेल, कुणीतरी चोथा झटकायच्या डब्यावर, नॉक बॉक्सवर, जोरात आपटली असेल तर तेही. आणि ग्राइंड फारच बारीक असेल तर पाण्याला खालून जायला वाट मिळत नाही, मग ते जिथून फट मिळेल तिथून निघतं. हे सगळं नीट करूनही ठिबकत असेल तर मग रिंगच.

सर्व्हिसचं एकदाच सांगते आणि विषय संपवते. एका सर्व्हिसवाल्यांना फोन केला, नाव लिहीत नाही, ते म्हणाले मशीन मुंबईला पाठवा, ग्रुप असेंब्ली बदलावी लागेल असं वाटतंय. फोनवरून, न बघता, असेंब्ली! खर्चाचा आकडा ऐकून आमच्या ह्यांनी विचारलं की एवढ्यात नवीन मिक्सर येतो का. बाबा म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर केमिकल प्लँटमध्ये मेंटेनन्सला होते, ते शेजारी पेपर वाचत बसलेले, त्यांनी पेपर खाली न ठेवता विचारलं, "अगं, एक सील गेलंय म्हणून कुणी पंप बदलतं का?" तिथेच ठरलं की घरी करायचं.

तर मोठी रिंग. कॅफेलाट ही तीच कंपनी जी रोबोट नावाचं हाताने दाबायचं एस्प्रेसो मशीन बनवते. त्यांची सिलिकॉन रिंग ई६१ ग्रुपसाठी येते, ई६१ म्हणजे फाएमा कंपनीचं १९६१ सालचं डिझाईन जे अजूनही कितीतरी मशिनांवर चालतंय, आणि त्याच मापाची ८.५ एमएम जाडीची रिंग गॅजिया क्लासिकलाही बसते. माप ७३ बाय ५७ बाय ८.५, बाहेरचा व्यास, आतला व्यास, जाडी. ही जाडी नीट बघून घ्या कारण ८ एमएमची पण येते आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. अर्धा एमएम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण हँडल सहावर थांबणार की पाचवर ते त्या अर्ध्या एमएमवरच ठरतं. ऑनलाइन एका सेलरकडून 'युनिव्हर्सल ५८' नावाची स्वस्त काळी रिंग आधी मागवून बघितली होती, ती आली ती ८ ची, वर टायरच्या दुकानासारखा वास, परत पाठवली. युनिव्हर्सल असं काही नसतं हो, ५८ हा पोर्टाफिल्टरच्या बास्केटचा आकडा आहे, गॅस्केटचा नाही.

कॅफेलाटची माझी निळी आहे. हातात घेतल्यावर पहिल्यांदा वाटतं की ही जरा जास्तच मऊ आहे, टिकेल का. जुनं ओरिजिनल रबर नवीन असतानाही बऱ्यापैकी कडक असतं, ही मात्र बोटाने दाबली की दबते. फायदा असा की पहिल्या दिवसापासून हँडल सहज फिरतं, मनगटाचा जोर लावावा लागत नाही, सासूबाईसुद्धा आता स्वतः लावतात, आधी कुणाला तरी हाक मारायच्या. वास अजिबात नाही. बसवल्यावर नुसतं पाणी काढून प्यायले, रबराची चव नाही, काळ्या रिंगला सुरुवातीला ती येते आणि चार-सहा शॉट वाया घालवावे लागतात. गळती शून्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिलिकॉन उष्णतेने तसं कडक होत नाही, कित्येक महिने वापरूनही नखाचा खड्डा अजून वर येतो.

तोटे पण आहेत, लिहायलाच हवेत. एक म्हणजे किंमत. शिपिंग धरून हजाराच्या आसपास गेली, एका रबराच्या रिंगला हे जास्तच आहे, साधी काळी ओरिजिनल टाइपची त्याच्या बऱ्याच कमीत येते. दुसरं, सिलिकॉन फाटायला हलकं असतं. उष्णता सोसतं पण धारदार कडेला टिकत नाही, बास्केटच्या कडेला धातूचं बोचरं टोक असेल किंवा काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटलंत तर चीर पडणार. तिसरं, हँडल मऊ लागतं त्यामुळे नव्या माणसाला कळत नाही कुठे थांबायचं, आमच्या मुलाने पार पुढेपर्यंत फिरवलं होतं. त्याला सांगितलं, गळायचं थांबलं की बास, व्यायाम नाही करायचा. एकूण रिंगला पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीसाठी कापला.

बसवणं सोपं आहे पण घाईचं काम नाही. मशीन गार, प्लग काढलेला, टाकीतलं पाणी ओतून दिलेलं. खालून जाळीचा स्क्रू काढला की शॉवर स्क्रीन येते, मग वरची जाड प्लेट ॲलन कीने. जाळीच्या मागे जे काही निघेल ते बघून घाबरू नका, डांबर असतं ते, कॉफीचं तेल जळून जळून झालेलं. मग जुनी रिंग. ती जर लाकडासारखी झाली असेल तर नुसती ओढून येत नाही, रबरातच दोन लहान लाकडाचे स्क्रू समोरासमोर अर्धे घुसवायचे आणि पक्कडीने आळीपाळीने खाली ओढायचे, ही युक्ती जगभर सगळे करतात आणि चालते. फक्त स्क्रू वरच्या धातूपर्यंत जाऊ द्यायचा नाही. माझी तुकड्या तुकड्यांत आली. तिची कुठली बाजू वर होती त्याचा फोटो काढून ठेवा, काही रिंगांना एका बाजूला उतार असतो आणि ती उलटी बसली की नवीन असूनही गळते. खाच जुन्या ब्रशने आणि लाकडी काडीने साफ करा, आइस्क्रीमची काडी उत्तम. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, धातूला ओरखडा पडला तर कितीही महाग रिंग घाला, पाणी त्या ओरखड्यातून वाट काढणारच. मग नवीन रिंग ओल्या बोटाने सगळीकडून सारखी वर दाबायची, शेवटचं थोडं बसत नसेल तर पोर्टाफिल्टर लावून फिरवायचा, तो सारखा दाब देतो.

आता दुसरा भाग, जो मला जास्त मजेशीर वाटला. मशीन उघडलंच आहे तर आतल्या ओ-रिंगा पण बघू असं बाबा म्हणाले. बॉयलर दोन भागांचा असतो, त्याच्यामध्ये एक मोठी ओ-रिंग, स्टीम व्हॉल्व जिथे बॉयलरला बसतो तिथे छोट्या, आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व, जिथे बसतो तिथे अजून छोट्या. बाहेर दिसत नाहीत पण गेल्या की मशीनच्या पोटात गळायला लागतं, तिथे वायरिंग आहे, ते काही चांगलं नाही. या परदेशातून किट म्हणून येतात, पण ओ-रिंग ही काही कॉफीची वस्तू नाही, तिला फक्त आतला व्यास आणि जाडी असते. आणि बडोद्यात राहून ओ-रिंग परदेशातून मागवायची म्हणजे हद्दच झाली. रिफायनरी इथे, खतांची जीएसएफसी इथे, औषधांची अलेंबिक तर १९०७ पासून, ह्या सगळ्यांचे पंप आणि व्हॉल्व कशावर चालतात? सीलवर. म्हणून मकरपुरा जीआयडीसीत सील, ग्लँड पॅकिंग, गॅस्केट शीट विकणारी दुकानं आहेत, एक नाही अनेक.

आम्ही गेलो ते दुकान दिसायला अगदीच साधं, शटर, काउंटर, मागे भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर आणि प्रत्येकावर पेनाने लिहिलेलं माप. काउंटरवरच्या भाईंनी जुन्या रिंगा हातात घेतल्या, व्हर्नियर काढला, आणि पहिला प्रश्न, "बेन, आ शेमां लागे छे?" म्हटलं कॉफीच्या मशीनमध्ये. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, "कॉफी माटे मशीन?" मागून त्यांचा मुलगा हसला. मग लगेच, "एनबीआर आपी दउं? बधा ए ज लई जाय छे." म्हणजे एनबीआर देऊ का, सगळे तेच नेतात.

इथे खरी गंमत. एनबीआर म्हणजे नायट्राइल, काळं रबर, तेलाला एकदम छान, स्वस्त, सगळीकडे चालतं. पण गरम पाण्यात आणि वाफेत ते शंभरच्या थोडं वर गेलं की दमतं. बॉयलरला जिथे १४५ चा थर्मोस्टॅट आहे तिथे एनबीआर घातलं तर काही महिन्यांत परत तेच. बाबांनी काउंटरवर बोट ठेवून सांगितलं, टेंपरेचर एकशे पन्नास धरा, प्रेशर दहा बार, मीडिया म्हणजे सीलला जे लागणार ते पाणी आणि वाफ. बास, त्या भाईंचा चेहराच बदलला, आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटला असं. "तो पछी ईपीडीएम लो काका, पेरॉक्साइडवाळुं." पाच मिनिटांत दोघं जुने दोस्त असल्यासारखे कुठल्या प्लँटला कुठलं सील लागायचं याच्यावर, मी आणि भाईंचा मुलगा नुसते उभे.

तर हे लक्षात ठेवा, गरम पाणी आणि वाफ असेल तर ईपीडीएम नावाचं रबर. त्यातही दोन प्रकार असतात, सल्फर क्युअर्ड आणि पेरॉक्साइड क्युअर्ड, म्हणजे रबर कशाने पक्कं केलंय त्यावरून, दुसरं जास्त उष्णता सोसतं, साधारण १५० पर्यंत. व्हायटॉन हे अजून एक रबर महाग आहे म्हणून चांगलंच असणार असं समजून घेऊ नका, ते तेलाला आणि केमिकलला राजा आहे पण साधं व्हायटॉन वाफेत तितकं खूश नसतं. सिलिकॉन कोरड्या उष्णतेत दोनशेपर्यंत जातं पण प्रेशरच्या वाफेत दिवसेंदिवस कोंडलं तर खराब होतं, म्हणून ग्रुपच्या रिंगला सिलिकॉन मस्त आणि बॉयलरच्या आत ईपीडीएम, असं मी केलं. आणि रंगावर अजिबात जाऊ नका. काळी म्हणजे एनबीआर, तपकिरी म्हणजे व्हायटॉन, लाल म्हणजे सिलिकॉन असं लोक सांगतात, पण रंग कुणी कसाही घालू शकतो, बाबा म्हणतात "रंग बघून साडी घ्यावी, सील नाही."

खरंच ईपीडीएम आहे का याची घरी करण्यासारखी एक सोपी टेस्ट आहे. एक जास्तीची रिंग घ्या आणि इंजिन ऑइलमध्ये एक-दोन दिवस ठेवा. ईपीडीएमला तेल चालत नाही, ती फुगते, एनबीआर तशीच राहते. आमची फुगली. ती रिंग अर्थातच नंतर टाकून द्यायची, मशीनला लावायची नाही.

फूड ग्रेडचं विचारलं तर इथे दुकानाला मी मार्क कमी देईन. साध्या ओ-रिंगेला त्यांच्याकडे कागद नव्हता. पण त्यांनीच सांगितलं की फार्मा कंपन्यांसाठी एफडीए ग्रेडचं ईपीडीएम आणि सिलिकॉन पण ठेवतो, टीसी गॅस्केट, म्हणजे पाइपच्या क्लॅम्पच्या जोडातली, वगैरे त्याचीच असतात, त्याच्यासोबत सर्टिफिकेट येतं. त्यावर २१ सीएफआर १७७.२६०० असं लिहिलेलं असतं, हा अमेरिकन एफडीएचा नियम आहे, वारंवार वापरायच्या आणि अन्नाला लागणाऱ्या रबरासाठीचा. आमच्या मापात सगळ्या त्या ग्रेडमध्ये मिळाल्या नाहीत, बॉयलरची मोठी दोन दिवसांनी आणून दिली. थांबायची तयारी असेल तर तेच घ्या, पिण्याचं पाणी आहे, दोन-चार रुपये वाचवायची जागा नाही ही. किंमत म्हणाल तर साध्या छोट्या रिंगा पाच-दहा रुपयांना एक, सर्टिफिकेटवाल्या जास्त, पण तरी परदेशी किटच्या पुढे काहीच नाही. सुट्टी एक रिंग द्यायला त्यांनी तोंड वाकडं केलं नाही हेही सांगते, कारण जीआयडीसीत शंभर नग घ्या तरच बोला म्हणणारेही भेटतात.

मोठी ग्रुप रिंग पण इथेच कापून मिळेल का असं विचारलं होतं. भाई म्हणाले शीटमधून कापून देऊ शकतो. घेऊ नका असं माझं मत. शीटमधून कापलेल्या रिंगेच्या कडा मोल्ड केलेल्यासारख्या गुळगुळीत येत नाहीत, उतार वगैरे तर विसराच, आणि साडेआठची शीट नेमकी असतेच असं नाही, मग आठच्या शीटवर काम भागवतात. ओ-रिंग इथली, ग्रुपची रिंग तयार मोल्ड केलेली, हा हिशेब मला पटला.

ग्रीसचं पण लिहिते कारण त्याच्यावरून घरात वाद झाला. ह्यांचं म्हणणं व्हॅसलीन लाव. व्हॅसलीन पेट्रोलियमचं आहे, आणि वर सांगितलं तसं ईपीडीएम पेट्रोलियमने फुगतं, तेव्हा नाही म्हणजे नाही. सिलिकॉन ग्रीस लावायचं, तेही पिण्याच्या पाण्याला चालणारं, मी मोलिकोट १११ घेतलं, ट्यूब महाग आहे पण तांदळाच्या दाण्याएवढं लागतं, बहुतेक माझ्या मुलाच्या लग्नापर्यंत पुरेल. मात्र ते सिलिकॉनच्या निळ्या रिंगेला लावायचं नाही, सिलिकॉनला सिलिकॉन ग्रीस लावलं की तेही फुगतं. तिला नुसतं पाणी बास.

आता रिंग जास्त टिकावी म्हणून काय करायचं, यात नवीन काही नाही पण कुणी करत नाही. शॉट झाला की पोर्टाफिल्टर काढून ठेवा, किंवा लावायचाच तर नुसता अडकवून ठेवा, रात्रभर घट्ट फिरवून ठेवला की रबर दबलेलंच राहतं. रोज शेवटी ब्रशने वरची रिंग आणि जाळी पुसा, कण राहिले की ते रबरात रुततात. बॅकफ्लश करता, म्हणजे बंद बास्केट लावून पावडर घालून, तर मशीनला सोलेनॉइड असेल तरच, क्लासिकला आहे, पण बऱ्याच स्वस्त मशिनांना नसतो आणि त्यांना बॅकफ्लश करायचं नसतं, मॅन्युअल बघा. पावडर मी कफीझा वापरते, नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवायचं.

आणि पाणी. आजवा तलावाचं पाणी येतं तेव्हा ठीक असतं, पण आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं मिसळतात, आणि केटलच्या तळाला पांढरा थर लगेच दिसतो. तोच थर मशीनच्या खाचेत आणि व्हॉल्वच्या सीटवर बसतो आणि नवीन सील त्याच्यावर घासून खराब होतं. डिस्केल करायला लिंबाची फुलं कुठल्याही गांधीकडे, म्हणजे किराणावाल्याकडे, मिळतात, तेच सायट्रिक ॲसिड, फरक काही नाही. पण बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल, या मशीनचे जुने बॉयलर तसेच आहेत, तर हलकं द्रावण करा आणि तासन् तास आत ठेवू नका, ॲल्युमिनियम खातं ते. पूर्ण आरओचं पाणीही मी घालत नाही, कॉफी बेचव लागते, आरओ आणि फिल्टरचं नळाचं असं मिसळून घालते.

हा सगळा उद्योग कुणी करू नये तेही सांगते. वॉरंटीतलं मशीन असेल तर बॉयलर उघडू नका, ग्रुपची रिंग बदलायला हरकत नसते कारण ती बाहेरूनच निघते, तरी एकदा विचारून घ्या. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन, जे बीन्स घातल्यावर स्वतः दळतं, त्याच्या ब्रू युनिटच्या ओ-रिंगा वेगळ्या असतात, वरची मापं तिथे लागू नाहीत. आणि बॉयलरचे स्क्रू परत लावताना समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही, नाहीतर ओ-रिंग एका बाजूला चेपते. हे बाबांनी केलं, मी टॉर्च धरला.

दुकानाला पाचपैकी चार. एक कमी कारण बिल मागितलं तेव्हा टाळाटाळ, आणि पार्किंगला टेंपोच्या मधे जागा शोधावी लागते. मकरपुऱ्याला जाणार असाल तर रविवार सोडून आणि सकाळी जा, दुपारी जेवणाच्या वेळी शटर अर्धं खाली असतं. जुना नमुना बरोबर न्या, तुटलेला असला तरी चालतो, जाडी त्याच्यावरून कळते, आणि कागदावर तीन गोष्टी लिहून न्या, टेंपरेचर, प्रेशर, आणि मीडिया म्हणजे पाणी नि वाफ. एका मापाच्या दोन-दोन घ्या, एक लावायला आणि एक डब्यात ठेवायला, डब्यातली उन्हात ठेवू नका आणि डब्यावर माप नि मटेरियल लिहा, काळ्या रिंगा सगळ्या सारख्याच दिसतात.